नाशिकहून दुबई किती लांब

माझं अक्षर चांगलं नाही. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं, हे मला शाळेत कळलं नाही आणि नंतर सांगायला कोणी नव्हतं, त्यामुळे चुका होतील. हा कागद कोणाच्या हाती पडलाच तर त्यानं तेवढं पदरात घ्यावं. मी हे दाखवायला लिहीत नाही. तोंडानं सांगायचं म्हटलं की माझा घसा दाटतो, चार माणसांत तर शब्दच निघत नाही. कागदासमोर तसं होत नाही, एवढंच.

माझी शाळा चौथीपर्यंत. आमची वस्ती देवळ्याच्या अलीकडे होती आणि तिथल्या शाळेत चौथीच्या पुढे वर्ग नव्हता. पाचवीला देवळ्याला चालत जावं लागायचं, मुलीला कोण पाठवतो? माझा भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. तो गेला. संध्याकाळी तो घरी आला की मी कांदे निवडता निवडता त्याची पुस्तकं बघायची. एकदा त्यानं भूगोलाचा नकाशा उघडला, एक बोट मुंबईवर ठेवलं, दुसरं समुद्राच्या पलीकडे ठेवलं आणि म्हणाला, हा अरबांचा मुलूख. दोन बोटांच्या मध्ये थोडीशीच निळी जागा होती. मला वाटलं, एवढंच? मग तर हाक मारली तरी ऐकू जाईल. हे मी त्याला बोलून दाखवलं नाही, कारण शिकणारा तो होता.

लग्न होऊन मी नाशिकला आले. इंदिरानगरच्या पलीकडे तेव्हा सगळे मळेच होते, इमारती मागून आल्या. आमच्या दीड एकरात कोथिंबीर, मेथी, कधी पालक. दुपारी उपटायची, माती झटकायची, सुतळीनं जुड्या बांधायच्या आणि संध्याकाळच्या लिलावाला मालकांनी टेम्पोत घालून मार्केट यार्डात न्यायच्या. मालक म्हणजे माझे यजमान. मी यार्डात जात नसे. तिथं सगळे पुरुष, सगळे ओरडत असतात, मला नको वाटायचं.

भाऊ आयटीआय करून सिन्नरच्या एका कारखान्यात वायरमन म्हणून लागला होता. नव्वदीच्या मधल्या कुठल्याशा वर्षी तो एका रविवारी पेढ्यांचा पुडा घेऊन आला. दुबईला नोकरी मिळते आहे, पण एजंटाला आणि तिकिटाला पैसे हवेत. वडील वारले होते, आईपाशी काही नव्हतं. आमच्याकडे विहीर खोल करायला साठवलेले पस्तीस हजार होते, हे त्याला माझ्याकडूनच माहीत होतं. मालकांना हे कसं सांगायचं याचा मी दिवसभर विचार केला आणि शेवटी ते जेवताना, ताटाकडे बघतच सांगितलं. त्यांनी ताटातली भाकरी संपवली. मग म्हणाले, "तुझा भाऊ आहे, तू जाण." विहीर तशीच राहिली.

आम्ही त्याला एसटी स्टँडवर सोडायला गेलो. आई देवळ्याहून आली होती. मालकांनी विचारलं, तिकडे पोचायला किती वेळ लागतो रे?

"दोन दिवस धरा, दाजी. मुंबईहून विमान, मध्ये एका गावाला उतरायचं, तिथं थांबायचं, मग दुसरं विमान."

"दोन दिवसांत तर रेल्वे कलकत्त्याला नेऊन सोडते," मालक म्हणाले. "विमान आहे का बैलगाडी?"

सगळे हसले. मी हळूच म्हटलं, नकाशात तर जवळ दिसत होतं. त्यावर भाऊ जास्तच हसला. "आक्का, नकाशात देवळा आणि नाशिक पण चिकटलेलंच दिसतं. चालून बघ एकदा." मग मीही हसले. त्याचं खरं होतं. नकाशातलं आपल्याला काय कळतं, असं मी ठरवून टाकलं आणि पुन्हा त्याचा विचार केला नाही.

पहिल्या वेळी खरंच दोन दिवस लागले असतील. एजंटानं स्वस्तातलं तिकीट काढून मध्ये कुठं तरी बसवून ठेवलं असेल. हे मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण तो नंतर दोनदा सुट्टीवर आला आणि गेला, आणि दर वेळी दोन दिवसच सांगत राहिला. दोन दिवस यायला, दोन दिवस जायला, सुट्टी प्रवासातच संपते आक्का, म्हणून जास्त राहता येत नाही. मी आईला हेच सांगायची. आई शेजारणींना हेच सांगायची आणि सांगताना तिला बरंही वाटायचं, कारण आमच्या वस्तीतलं कोणाचंच पोर इतक्या लांब गेलं नव्हतं.

मग आईच्या पोटात पाणी साठायला लागलं. देवळ्याला बघायला कोणी नाही म्हणून मी तिला नाशिकला आणलं. लेकीच्या घरचं फुकट खायचं नाही, ही तिची जुनी रीत. पहिले काही दिवस ती जेवण झालं की माझ्या हातावर एक रुपया ठेवायची. कनवटीचे रुपये संपल्यावर तिनं खाटेवर बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला घेतल्या. बांधून झाल्याशिवाय ताटाला हात लावायची नाही. मी रागावले तर म्हणायची, मग मला देवळ्याला सोडून ये. तिच्या जुड्या माझ्यापेक्षा घट्ट असायच्या. मालक म्हणायचे, सासूबाईंच्या जुडीला लिलावात भाव जास्त मिळतो. ती खूश व्हायची.

जुडी बांधता बांधता ती रोज एकच विचारायची. घरात आम्ही दोघी असलो की ती तिच्या अहिराणीतच बोलायची. "मना पोऱ्याले येवाले कितला दिन लागतस?"

"दोन दिवस, आई."

मग ती बोटांवर मोजायची. आज निघाला असेल तर परवा येईल. परवा आला की ती दुपारपासून रस्त्याकडे तोंड करून बसायची. तो आला नाही की पुन्हा नवीन दोन दिवस सुरू. तिला त्याच्याकडून काही नको होतं. एकदा डोळ्यांनी बघायचं होतं आणि अग्नी त्याच्या हातचा हवा होता. जावयानं अग्नी दिला तर लोक काय म्हणतील, मुलगा नव्हता का हिला, हे तिच्या मनात सारखं घोळत असायचं. माझा हात धरून तिनं ते माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं.

आमच्या कोपऱ्यावर एसटीडीचं दुकान होतं. तिथं शुक्रवारी भावाचा फोन यायचा, कारण तिकडे शुक्रवारी सुट्टी. दुकानदार हाक मारायचा, मी पळत जायची. डॉक्टरांनी आईला घरी न्यायला सांगितलं आणि मुलाला कळवा म्हणाले, तेव्हा मी शुक्रवारची वाट पाहिली नाही, आपल्या पैशांनी फोन लावला. मी त्याला सांगितलं, आई आता थोड्या दिवसांची आहे, ती तुझीच वाट बघते आहे. तो म्हणाला, येतो, पण दोन दिवस यायला आणि दोन जायला, साहेब तेवढी सुट्टी देणार नाही. दोन दिवसांचं नसतं ना आक्का, तर मी पळत आलो असतो. मी त्याला समजावलं, जमेल तेव्हा ये, जिवाला लावून घेऊ नकोस. वर मीच त्याची समजूत घातली.

आई त्यानंतर बरेच दिवस होती. शेवटी हाताला जुडी धरवत नव्हती, तरी बोटं मोजायचीच.

ती सकाळी गेली. मी पुन्हा त्या दुकानात. भाऊ फोनवर रडला. मग म्हणाला, "आक्का, मी आत्ता निघालो तरी परवा पोचेन. तिला एवढा वेळ कसं ठेवणार? तुम्ही थांबू नका. उरकून घ्या."

मी विचारलं, नक्की का? तो म्हणाला, नक्की.

संध्याकाळी गोदावरीच्या काठी मालकांनी अग्नी दिला. बायका घाटावर जात नाहीत, मी घरी होते. आईच्या खाटेखाली अर्धी बांधलेली जुडी सुकून पडली होती. ती मी उचलली नाही.

दहाव्याला भाऊ आला. केस काढले, सगळे विधी केले, फार रडला. दुपारी जेवणाची पंगत उठल्यावर देवळ्याकडची माणसं ओसरीत बसली होती आणि मी आत भांडी गोळा करत होते. बाहेर तो सांगत होता की मला खांदासुद्धा देता आला नाही, आक्कानं फार घाई केली. कोणीतरी विचारलं, वाट का नाही पाहिली? तो म्हणाला, बायकांचं काय, घाबरून जातात. मग आमची एक चुलती आत आली आणि मला म्हणाली, "बाई, आईला एक-दोन दिवस बर्फावर ठेवायला काय झालं होतं? पैसे लागतात म्हणून का?"

मला सांगता आलं असतं. फोनवर तो काय बोलला, ते शब्दनशब्द माझ्याजवळ होते. पण बाहेर तीसेक माणसं आणि माझा घसा. मालक उठून बोलायला निघाले होते, त्यांना मी डोळ्यांनीच नाही म्हटलं. आईच्या दहाव्याला तमाशा नको. त्या दिवसापासून देवळ्याकडे मी आईला वाट न बघता जाळणारी लेक झाले. माहेरच्या लग्नाकार्यात बायका माझ्याशी बोलताना जपून बोलू लागल्या. भावानं जाताना आम्हाला एक जाड ब्लँकेट दिलं. ते अजून आहे.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मालकांच्या पायाला खुरपं लागलं आणि आठवडाभर टेम्पोबरोबर मलाच जावं लागलं. यार्डात मी पदर घट्ट धरून जुड्यांच्या मागं उभी राहायची. एक तरुण व्यापारी रोज फक्त निवडक कोथिंबीर उचलायचा. आमची त्यानं घेतली आणि मला म्हणाला, "मावशी, उद्यापासून पाणी मारून आणू नका. कोरडी आणा. पाणी मारलं की खोक्यात काळी पडते."

कोथिंबिरीला पाणी मारायचं नाही, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. कुठं जातो हा माल, असं माझ्या तोंडून निघून गेलं.

"दुबईला."

मला हसूच आलं. दोन दिवसांत तर हिचा लगदा होईल, मी म्हटलं.

"दोन दिवस कसले? आत्ता थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून भरतो, गाडी घाटानं खाली मुंबईला उतरते आणि पहाटेच्या विमानात माल चढतो. तीन तासांत तिथं. उद्या दुपारी तिथल्या बायका वरणावर टाकतील."

"मालाचं विमान असेल ते. माणसाला जास्त लागत असतील."

तो माझ्याकडे बघून हसला. त्यानं थट्टा केली नाही, समजावूनच सांगितलं. "मावशी, एकच विमान असतं. माणसं वर बसतात, तुमची कोथिंबीर खाली बसते. दोघं बरोबरच उतरतात."

त्यानं पैसे दिले, ते मी न मोजता घेतले. टेम्पोत परत येताना मला आईच्या बोटांशिवाय काही आठवत नव्हतं.

घरी माझी मुलगी शाळेचा नकाशा घेऊन बसली होती. मी तिला मुंबई आणि दुबई दाखवायला सांगितलं. जुडीची एक सुतळी घेतली, दोन्हींच्या मध्ये ताणून धरली आणि तोडली. मग तीच सुतळी मुंबईपासून कलकत्त्याकडे धरली. सुतळी कलकत्त्याच्या थोडीशीच पुढे गेली. मुलीनं पट्टी लावून हिशेब केला आणि सांगितलं, एकोणीसशे किलोमीटर, थोडे इकडे-तिकडे. मग विचारलं, "मामा एवढ्यालाच दोन दिवस म्हणतो का गं?" मी तिला पुस्तक आवरायला सांगितलं. ती सुतळी मी चुलीत टाकली.

लहानपणी मी जे पाहिलं होतं ते बरोबर होतं. दोन बोटांच्या मधली निळी जागा. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि त्याच्या हसण्यापुढे खोटं धरलं. फोनवर त्यानं "आत्ता निघतो" म्हटलं असतं तर उद्या उजाडता तो दारात असता. एक रात्र. आमच्याकडे लोक एक रात्र सहज थांबतात. आणि आजारपणात तर गुरुवारी रात्री निघून शनिवारी परत जाता आलं असतं, आई जुडी बांधत होती तेव्हाच.

मी मालकांना बरेच दिवस काही बोलले नाही. तो व्यापारी रोज आमचा माल घ्यायला लागला. भाव चांगला होता, नाही कसं म्हणणार? मी कोरडी कोथिंबीर बांधत राहिले. हातातली जुडी उद्या दुपारी भाऊ राहतो त्या गावात असेल, हे मला प्रत्येक जुडीला वाटायचं. पूर्वी मला कोथिंबिरीचा वास आवडायचा. त्या हिवाळ्यापासून तो नको झाला, आणि दिवसभर तोच हाताला.

शेवटी मालकांना त्या व्यापाऱ्याकडूनच कळलं. ते घरी आले, पाय धुतले, आणि म्हणाले, "तुला माहीत होतं." मी होय म्हणून मान हलवली. ते म्हणाले, मी उद्याच देवळ्याला जाऊन सगळ्यांना सांगतो. मी त्यांना जाऊ दिलं नाही. लोकांनी मला काय म्हणावं, हे आता मला फारसं लागत नव्हतं. मला भावाकडून ऐकायचं होतं, त्यानं आईला रस्त्याकडे बघत का बसवलं. पण ते कसं विचारायचं, हे मला सुचत नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी त्याचा फोन आला. मी म्हटलं, माझी कोथिंबीर रोज तुझ्या गावाला येते आहे, इथून निघाली की दुसऱ्या दिवशी दुपारी. मग तो म्हणाला, कोथिंबिरीचं वेगळं असतं आक्का. मला त्याला म्हणायचं होतं, आई. ते आलं नाही. मी म्हटलं, "विहिरीचे पैसे परत दे."

इतक्या वर्षांत ते पैसे मी एकदाही मागितले नव्हते. बहीण भावाकडे पैसे मागते का? पण जे मागायचं होतं ते मागता येईना, म्हणून मी जे मागता येत होतं ते मागितलं. आणि एकदा मागितल्यावर मी मागेच लागले. दर फोनला तेवढंच. तो चिडला, म्हणाला, मी तिकडे रक्ताचं पाणी करतो आणि तुला पैसे सुचतात. त्यानं फोन करणं सोडलं. भाऊबीजेला आला नाही. मग एका दिवाळीला कोणाच्या तरी हातून पाच हजार पाठवले. पुढे कधी तीन, कधी दहा. मधली दोन वर्षं काहीच नाही. तोवर दोन हजार साल कधीच मागं पडलं होतं, एसटीडीचं दुकान बंद होऊन तिथं मोबाइलचं दुकान आलं होतं, आणि आमच्या मळ्याच्या तिन्ही बाजूंनी इमारती उठल्या होत्या.

गेल्या महिन्यात भाऊ आला. फोन नाही, काही नाही, एकदम दारात. केस पांढरे झालेत, पोट सुटलंय. मी आत घेतलं, पाणी दिलं, ताट वाढलं. मालक समोरच जेवायला बसले होते. त्याला अवघडल्यासारखं झालं असावं, म्हणून तो काहीतरी बोलायचं म्हणून हसत बोलला, "बघ आक्का, पहाटेचा चहा तिकडे घेतला आणि जेवायला तुझ्याकडे."

मालकांचा घास हातातच राहिला. भावाचं हसू अर्ध्यावर थांबलं. तो माझ्याकडे बघेना, वरणाकडे बघायला लागला.

माझा घसा दाटला होता. पण या वेळी मी बोलले. "मग आईला दोन दिवस का सांगितलंस?"

तो खूप वेळ भात कालवत राहिला. मग म्हणाला, "नोकरीची खात्री नव्हती. सुट्टी मागितली असती तर दुसरा माणूस ठेवला असता. तीन तास सांगितले असते तर तुम्ही रोज ये म्हणाला असता. दोन दिवस म्हटलं की पुढे कोणी काही बोलत नव्हतं."

"आणि घाई मी केली?"

माझ्या मनात होतं की तो एकदा तरी म्हणेल, देवळ्याला जाऊन मी सांगतो. तेवढी वाट मी पाहिली. त्यानं ताटात हात धुतला, खिशातून पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, "हे शेवटचे. मोजून घे."

मी पदराला हात पुसले आणि त्याच्यासमोर नोटा एक एक करून मोजल्या. सात हजार राहिले होते, सातच होते. पस्तीस पुरे झाले.